तीन हातांचे कपाट

मित्रांनो, माझ्या अंगावर कोणत्याही कंपनीचे नाव कोरलेले नाही. मी बिडाचा एक जुना, स्वस्तातला क्लॅम्प आहे. सुतार मला सी-क्लॅम्प म्हणतात, कारण माझे अंग त्या इंग्रजी अक्षरासारखे वाकलेले आहे. एका टोकाला माझा पक्का जबडा आहे. दुसऱ्या टोकातून आट्यांचा स्क्रू आत येतो आणि त्याच्या डोक्यात एक आडवी कांडी आहे. कांडी फिरवली की स्क्रू पुढे सरकतो आणि मधे ठेवलेले लाकूड मी धरून ठेवतो. चार इंचांपेक्षा जाड काही माझ्यात मावत नाही. एवढीच माझी विद्या.

माझा जन्म कुठल्या गावच्या भट्टीत झाला, ते मला सांगता येणार नाही. वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले गेले, गार झाल्यावर कडा घाईघाईने घासल्या गेल्या आणि काळा रंग मारला गेला. माझ्या बुडाशी रंगाचा एक ओघळ तसाच वाळला. तो कोणी पुसला नाही. आम्ही चार भावंडे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून तिरोड्याजवळच्या गोरेगावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि वर्षभर खिळ्याला लटकत राहिलो. गिऱ्हाईक आम्हाला हातात घेई, स्क्रू दोनदा फिरवी, "हलका माल आहे" म्हणे आणि परत टांगून जाई. त्यात खोटे काही नव्हते. आम्ही हलकेच होतो.

एके दिवशी दुपारी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची असेल. डाव्या अंगठ्याला जाड पांढरी पट्टी बांधलेली होती. ती सरकारी दवाखान्यातून पट्टी बदलून थेट इकडे आली होती. तिचे नाव रुक्माबाई.

तिने दुकानदाराला विचारले, "लाकूड धरून ठेवाची काही वस्तू आहे का तुमच्याजवर?"

"क्लॅम्प पाहिजे? हे घ्या, चारचा सेट आहे." दुकानदार वीरेंद्रने आम्हाला खाली काढले.

"मानसासारखं धरते का हे?"

"बाई, मानसापेक्षा चांगलं. चाय प्यायला उठून नाही जात."

रुक्माबाई हसली नाही. तिने माझी कांडी उजव्या हाताने फिरवून पाहिली, पुन्हा उलटी फिरवली आणि आम्हाला पिशवीत टाकले. एसटीत ती आम्हाला मांडीवर घेऊन बसली होती.

तिच्या घरी पोचल्यावर मला सगळी हकिगत कळली. तिचा नवरा देवाजी तीस वर्षे सुतारकाम करत होता. चौकटी, दारे, पलंग, पाट, सगळे त्याच्या हातचे. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. औषधपाण्याने तो उठला, चालू लागला, पण डाव्या हाताची मूठ काही वळेना. हात उचलता येई, वस्तू धरता येत नसे. सुताराचा उजवा हात कापतो, तासतो, ठोकतो. पण ते सगळे डाव्या हाताने धरून ठेवलेल्या लाकडावर.

म्हणून रुक्माबाई धरू लागली. देवाजी करवत चालवी तेव्हा ती फळीवर बसे. तो रंधा मारी तेव्हा ती दुसऱ्या टोकाला रेटून उभी राही. दोन वर्षे अशी किरकोळ कामे झाली. मग गावातल्या बुद्ध विहाराने एक मोठे काम दिले. विहाराच्या अभ्यासिकेत मुले परीक्षांचा अभ्यास करायला बसत. लोकांनी दिलेली पुस्तके भिंतीशी रचलेली होती आणि खालचा थर वाळवीने खाल्ला होता. अभ्यासिका सांभाळणारी खुशबू स्वतः घरी आली आणि म्हणाली, "काका, दारांचं कपाट पाहिजे. चौदा एप्रिलच्या आधी. जुन्या चौकटीचं सागवान विहारातच पडून आहे, ते घ्या."

देवाजीने हो म्हटले. लाकूड आले, फळ्या तासून झाल्या. आणि एका सकाळी खाच पाडताना पटाशी सटकली. ती रुक्माबाईच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. तीन टाके पडले.

त्या संध्याकाळी देवाजीने हत्यारे पुसून पेटीत ठेवली आणि बकारामला फोन केला. बकाराम तिरोड्याकडचा सुतार. त्याची त्या पेटीवर बऱ्याच दिवसांपासून नजर होती. "रविवारी ये अन् घेऊन जा," देवाजी म्हणाला, "मी आता नाही करत."

हे रुक्माबाईने ऐकले होते. म्हणून ती आम्हाला घेऊन आली होती.

देवाजीने आमची पिशवी पाहिली आणि तोंड फिरवले. "कायले आनली हे? शिकाऊ पोट्ट्यायचं खेळनं आहे."

"लाकूड धरते थे."

"सुताराले हात रायते, रुक्मा. ज्याले हात नाही, थो सुतार नाही."

रुक्माबाईने पिशवी उचलली आणि मागे नेऊन ठेवली. आम्ही चौघे परसातल्या पत्र्याच्या छपरीत फळीवर पडून राहिलो. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. देवाजी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसे. छपरीकडे त्याची पाठ असे.

शनिवारी सकाळी रुक्माबाई एकटीच छपरीत आली. कपाटाची एक फळी तिने कामाच्या जाड टेबलावर ठेवली, तिचे टोक बाहेर काढले आणि मला उचलले. माझा जबडा टेबलाखाली आणि स्क्रू फळीवर आला. मग एका हाताने, जोर लावून, ती कांडी पिळत गेली. मला अनुभव नव्हता आणि तिलाही नव्हता. माझ्या स्क्रूची लोखंडी टोपी सागवानात रुतली आणि तिथे गोल खड्डा पडू लागला. लाकूड करकरले.

तो आवाज अंगणात देवाजीच्या कानी गेला. तो पाय ओढत छपरीत आला.

"अवो, काय करून राहिली तू? लाकडाले वळ पडून राहिला ना! मधात तुकडा टाक, तुकडा!"

"कोनता तुकडा?"

"हट तिकडं." त्याने उजव्या हाताने मला सैल केले, खाली पडलेला फळीचा एक चपटा तुकडा उचलला, खड्ड्यावर ठेवला आणि त्यावर माझा स्क्रू टेकवून पुन्हा आवळले. फार नाही, बेताने. मग सवयीने त्याने फळी हलवून पाहिली. हलली नाही. त्याने कोपराने धक्का दिला. तरी हलली नाही.

तो थोडा वेळ फळीकडे पाहत उभा राहिला. रुक्माबाई दाराशी गेली होती, पण बाहेर पडली नव्हती. देवाजीने पेटी उघडून करवत काढली. खुणेच्या रेषेवर दात टेकवले आणि एक हात मारला. मग दुसरा. भुसा माझ्या अंगावर पडला. मित्रांनो, ते माझे पहिले काम. फळी कापून खाली पडली तेव्हा देवाजीच्या कपाळावर घाम होता आणि तो रुक्माबाईला म्हणाला, "बाकीचे तीन कुठी आहेत?"

रविवारी बकाराम मोटारसायकलवर आला. तेव्हा देवाजी दोन पट्ट्या फेविकॉल लावून जोडत होता आणि आम्ही चौघे ओळीने त्यांवर बसत होतो. प्रत्येकाच्या खाली लाकडाचा तुकडा आणि कागद, ओघळलेला फेविकॉल तुकड्याला चिकटू नये म्हणून. देवाजी एकेकाला थोडेथोडे आवळत होता. एकदम एकालाच नाही. सांध्यातून बारीक थेंबांची सारखी रांग बाहेर आली की तो थांबे.

"पेटी घ्यायला आलो, भाऊ," बकाराम म्हणाला.

"फेविकॉल लावला आहे. बस थोडा."

बकाराम बसला. चहा प्याला. थेंब ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत त्याने वाट पाहिली. मग देवाजीने रंधा उचलला, तेव्हा तो उठला आणि चप्पल पायात घालत म्हणाला, "तुमची पेटी काही मले भेटत नाही वाटते." त्याला राग आलेला दिसला नाही. जाताना तो मात्र एकदा माझी कांडी फिरवून गेला.

त्यानंतरचे दिवस कामाचे होते. पण सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर मी खोटा ठरेन. देवाजीला आमचा विश्वास वाटू लागला आणि तो विश्वास जास्त झाला. एका वाकड्या फळीला सरळ दाबायचे होते. त्याने माझ्या भावाच्या कांडीवर पाइपचा तुकडा चढवला आणि त्याच्या लांबीने जोर लावला. बीड वाकत नाही, मित्रांनो. बीड मोडते. फट् असा आवाज झाला आणि माझा भाऊ दोन तुकडे होऊन जमिनीवर पडला. देवाजी दचकून मागे सरकला.

"हलका माल," तो म्हणाला.

"माल हलका नाही, तुमी जास्त पिळले," रुक्माबाई म्हणाली. तिने दोन्ही तुकडे उचलून कोनाड्यात ठेवले.

चौघांचे तिघे झालो. कपाटाच्या रुंद बाजूंसाठी तर आमचा जबडा पुरणारच नव्हता. तीन-तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या होत्या. मोठे क्लॅम्प महाग, ते आणायचे नव्हते. तेव्हा देवाजीने एक जुनी युक्ती काढली. जाड पाटावर दोन बाजूंना दोन पट्ट्या ठोकल्या. त्यांच्या मधे फेविकॉल लावलेल्या फळ्या ठेवल्या आणि उरलेल्या फटीत समोरासमोर दोन पाचरी ठोकल्या. पाचरी सरकत गेल्या तशा फळ्या एकमेकींना भिडल्या. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून आम्ही तिघांनी त्यांना टोकांशी पाटावर दाबून धरले. रुक्माबाईने घरातली सायकलची जुनी ट्यूब लांबट कापून दिली. ती ताणून गुंडाळली की वाकड्यातिकड्या तुकड्यांनाही आवळून धरते. पातळ पट्ट्यांना तिने कपड्यांचे चिमटे लावले. देवाजी चिमट्यांकडे पाहून हसला, पण त्याने ते काढले नाहीत.

आता रुक्माबाईला धरून बसावे लागत नव्हते. ती मोकळी झाली. टाके निघाले. ती बचत गटाच्या बैठकीला जाऊ लागली, बहिणीकडे देवरीला एक दिवस राहून आली. देवाजी छपरीत एकटा काम करी. मधेच मान वर करून तो काहीतरी बोले आणि मग तिथे कोणी नाही हे त्याच्या लक्षात येई. मी ऐकत होतो, पण मला उत्तर देता येत नाही.

कपाटाच्या दारांच्या चौकटी करायच्या दिवशीही रुक्माबाई घरी नव्हती. चार पट्ट्या, चार कोपरे. कोपऱ्यांच्या खाचा एकमेकींत बसवून देवाजीने फेविकॉल लावला. तीन कोपऱ्यांवर आम्ही तिघे. चौथ्या कोपऱ्यासाठी क्लॅम्प उरला नव्हता, म्हणून त्याने ट्यूबचे एक टोक दातांत धरले आणि दुसरे उजव्या हाताने गुंडाळून ओढले. चांगले घट्ट ओढले. मग खाली बसून त्याने समाधानाने चौकटीकडे पाहिले.

रुक्माबाई आली तेव्हा फेविकॉल लावून फार वेळ झाला नव्हता. ती हातातली पिशवी खाली न ठेवताच दाराशी थांबली.

"वाकडी आहे," ती म्हणाली.

"काय वाकडी आहे?"

"चौकट. वरचा हा कोपरा ओढला गेला आहे."

"गुनिया लावून पाहिला मी."

"कोनत्या कोपऱ्याले?"

देवाजीने बाजूला पडलेला काटकोनाचा गुण्या उचलला. त्याने एकाच कोपऱ्याला गुण्या लावला होता, आणि तोही ट्यूब ओढण्याच्या आधी. तरी तो चिडला. "तुले काय समजते? तीस वर्सं मी हे काम करून राहिलो."

रुक्माबाईने पिशवी ठेवली. खिळ्याला टांगलेली सुतळी काढली. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ती ताणली आणि तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ कोपऱ्याच्या बोटभर अलीकडे राहिली. ती देवाजीकडे पाहून म्हणाली, "दोन वर्सं मी धरून बसली. डोरे काही बंद नव्हते माझे."

अशी चौकट वाळली असती तर दार कधीच लागले नसते. आणखी लाकूड विहारात नव्हते आणि चौदा तारखेला नऊ दिवस होते.

"ओला आहे अजून," रुक्माबाई म्हणाली. "सोडा."

देवाजीने हात पुढे केला. आधी ट्यूब सोडली, मग मला आणि माझ्या दोन्ही भावांना अर्ध्या फेऱ्याने सैल केले. रुक्माबाईने दोन्ही तळव्यांनी लांबलेले दोन कोपरे आत रेटले. तो सुतळी धरी, ती रेटे. एकदा जास्त झाले, परत मागे आणले. अखेर गाठ दोन्हीकडे कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर आली. "थांब, हलू नको," देवाजी म्हणाला आणि त्याने आम्हाला आवळले. चौथ्या कोपऱ्यावर या वेळी ट्यूब दोघांनी मिळून दोन्ही बाजूंनी सारखी ताणून बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुटलो तेव्हा चौकट गुण्यात होती. देवाजीने दुसऱ्या दाराच्या पट्ट्या काढल्या, एकीवर रेघ मारली, मला लावले आणि करवत रुक्माबाईच्या पुढे धरली.

"मी?" ती म्हणाली.

"नाही तं कोन? रेघ सोडू नको. दाबू नको, फक्त ओढ."

तिचा पहिला काप रेघ सोडून गेला. दुसरा बरा होता. मी फळी सोडली नाही.

तेरा एप्रिलला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कपाट विहारात गेले. मलाही पेटीत घालून नेले होते, कारण तिथे एक पट्टी बसवायची राहिली होती. पट्टीला मी धरून असतानाच लोक कपाट पाहायला जमले. दारे उघडून लावून पाहू लागले. खुशबूने वरच्या कप्प्यात पहिली पुस्तके ठेवली आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "काकांनी एका हातानं केलं हे! पहा!"

टाळ्या वाजल्या. देवाजीने दोनदा मान हलवली. मग तो म्हणाला, "एका नाही, बेटा. तीन हातानं झालं." आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या रुक्माबाईकडे बोट दाखवले. "दोन हिचे." रुक्माबाईने पदर सारखा केला आणि लोक तिच्याकडे पाहत असताना ती खाली वाकून माझी कांडी फिरवू लागली. पट्टी अजून वाळली नव्हती, हे तिला माहीत होते. तिने मला सोडवले नाही, नुसते चाचपले.

आमचे कौतुक कोणी केले नाही. ते बरोबरच आहे. काम झाले की क्लॅम्प काढून ठेवतात. कपाटावर त्याची खूणही राहता कामा नये.

त्या पावसाळ्यात मात्र माझे हाल झाले. रोवणीच्या दिवसांत रुक्माबाई रोज बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जाई आणि देवाजीला थंडीतापाने गाठले. आम्हाला कोणीतरी ओल्या पोत्यांच्या कोपऱ्यात टाकले होते. तीन महिने आम्हाला कोणी हात लावला नाही. आट्यांत भुसा आणि जुना फेविकॉल बसला, त्यावर गंज चढला. दिवाळीच्या सुमारास देवाजीने मला उचलले तेव्हा माझी कांडी जागची हलेना. तो मला भंगारात टाकणार होता. रुक्माबाईने मला मागून घेतले. डबीभर रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवले, जुन्या ब्रशने आटे घासले आणि मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी स्क्रू करकरत फिरला. माझ्या एका भावाचे आटे मात्र झिजून गेले होते. तो आता घट्ट धरत नाही. त्याला कागदपत्रांवर वजन म्हणून ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा स्वस्तातला क्लॅम्प असेल. चौरंग, खेळण्यातली गाडी, फोटोची चौकट करताना तो तुम्हाला उपयोगी पडेल. माझे थोडे ऐका. मधे लाकडाचा तुकडा ठेवा. लागेल तेवढेच आवळा, पाइप लावून पिळू नका. फेविकॉलचे थेंब ओले असतानाच पुसा. काम झाल्यावर आटे कोरडे करा आणि तेलाचा थेंब द्या. स्वस्त वस्तूला मर्यादा असतात. त्या ओळखून वापरली तर ती पुष्कळ वर्षे चालते.

सध्या रुक्माबाई अंगणवाडीसाठी बुटकी टेबले करते. हे काम तिने स्वतःच्या नावावर घेतले आहे. देवाजी मापे सांगतो आणि चुकले तर ओरडतो. तीही ओरडते. आज सकाळी तिने एका टेबलाचा पाय जोडला आणि सांध्यावर मला बसवले. थेंबांची रांग सारखी आली, ती तिने पुसली. उद्या सकाळपर्यंत हा सांधा वाळायचा आहे. तोवर गल्लीतल्या पोरांपैकी कोणी गंमत म्हणून माझी कांडी फिरवू नये, एवढेच माझे सांगणे.